दासनवमी : ‘सावधान’ हा शब्द ज्यांनी ऐकला

माघाचा कृष्णपक्ष लागला की महाडच्या परिसरात दोन प्रकारची लगबग सुरू होते. गावात वीरेश्वराच्या छबिन्याचे वेध लागलेले असतात, आणि बिरवाडीवरून वरंध घाटाकडे जाणाऱ्या एस.टी.च्या गाडीत दासबोधाची पोथी फडक्यात बांधून मांडीवर घेतलेली मंडळी दिसू लागतात. ही मंडळी शिवथरघळीला निघालेली असतात. माघ वद्य नवमी ही श्रीसमर्थ रामदासस्वामींची पुण्यतिथी. शके १६०३ मध्ये, म्हणजे इसवी सन १६८२ च्या जानेवारीत, याच तिथीला त्यांनी सज्जनगडावर श्रीरामाच्या मूर्तींसमोर देह ठेवला. सज्जनगडचा उत्सव मोठा. पण ज्या घळीत बसून समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरवून घेतला असे संप्रदाय मानतो, त्या घळीतील नवमीला एक वेगळीच शांतता असते.

पावसाळ्यात येथे जाणाऱ्याला धबधब्याच्या गर्जनेपुढे स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. माघात मात्र पाणी ओसरलेले असते, कड्यावरची झाडे पिवळट झालेली असतात आणि घळीच्या आतल्या गारव्यात ओव्यांचा घोष स्वच्छ ऐकू येतो. ही जागा कित्येक पिढ्या विस्मरणात गेली होती. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये तिचा शोध लावला. समर्थ सांगत आहेत आणि कल्याण लिहीत आहेत, अशा मूर्ती आज आपण तेथे पाहतो. २० दशक आणि २०० समासांचा हा ग्रंथ कधीचा, याची एक खूण ग्रंथातच सापडते. सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे लोटल्याचा उल्लेख आहे. गणित केले की १६५९ हे साल निघते. प्रतापगडचा रणसंग्राम झाला ते हेच साल, आणि तो गडही येथून फार दूर नाही.

पण माघ वद्य नवमीला या मुलखात आणखी एक पुण्यतिथी असते, हे घळीत येणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानात नसते. पोलादपूरहून आत गेले की उमरठ लागते. सुभेदार तानाजी मालुसऱ्यांचे हे गाव. शके १५९१ च्या माघ वद्य नवमीच्या रात्री, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० रोजी, कोंढाण्यावर उदेभानाशी झुंजताना तानाजी पडले. त्यांचा देह ज्या वाटेने कोकणात उतरवला, त्या वाटेला लोकांनी मढे घाट असे नाव दिले, अशी या भागातली आठवण आहे. त्यांची समाधी उमरठला आहे. बारा वर्षांच्या अंतराने, एकाच तिथीला, एक संन्यस्त आणि एक सुभेदार असे दोघे गेले आणि दोघांच्याही पाऊलखुणा महाड-पोलादपूरच्या डोंगरांत राहिल्या. या योगायोगाचा आम्ही जितका विचार करतो, तितके एक साम्य आम्हांला खुणावत राहते. दोघांच्याही कथेत एक लग्नाचा मांडव आहे, आणि दोघेही त्या मांडवातून उठून गेलेले आहेत.

समर्थांची कथा आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. जांब गावचा बारा वर्षांचा नारायण आईच्या शब्दाखातर बोहल्यावर उभा राहिला. भटजींनी ‘शुभमंगल सावधान’ म्हटले आणि ज्या शब्दाकडे आपण सारे अक्षता टाकण्याची खूण म्हणून पाहतो, त्या शब्दाचा अर्थ त्या मुलाने ऐकला. तो मांडवातून निघाला तो पंचवटीला पोहोचला, आणि मग टाकळीला नंदिनीच्या पाण्यात उभे राहून बारा वर्षे त्याने रामनामाचा जप केला. तानाजींची कथा बखरी-पोवाड्यांतून आपल्यापर्यंत आली आहे. मुलाच्या, रायबाच्या, लग्नाचे आमंत्रण घेऊन ते राजगडी गेले होते. कोंढाणा घ्यावयाचा आहे हे कानी पडताच घरचे लग्न त्यांनी मागे ठेवले आणि गडाचे लगीन आधी लावावयाचे ठरवले. इतिहासाचे अभ्यासक या दोन्ही प्रसंगांच्या तपशिलावर खल करोत. लोकांच्या मनाने ते जपून ठेवले आहेत, आणि लोकांचे मन उगाच काही जपत नाही.

आता येथे थोडे थांबावेसे वाटते. लग्न हा काही वाईट प्रसंग नव्हे. आईची इच्छा पूर्ण करणे हे पाप नव्हे. मुलाच्या डोक्यावर अक्षता टाकावयास बापाने हजर असणे हे तर कर्तव्यच. मग या दोघांनी जिंकले ते काय? मोह हा शब्द आपण उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर दारूचा पेला, जुगाराचा फड किंवा परक्याचे धन येते. खरे पाहता अशा उघड्या मोहापासून दूर राहणे सुसंस्कारी घरातल्या माणसाला तितकेसे अवघड नसते. लोकलाज निम्मे काम करते. अवघड असतो तो चांगल्या वस्तूचा मोह. जी गोष्ट आपल्या जागी योग्यच आहे, पण जी आपल्याला आपल्या ठरलेल्या वाटेवरून हळूच बाजूला ओढते, तिला नाही म्हणताना लोकलाज मदतीला येत नाही. उलट सारे जग तिच्याच बाजूने बोलत असते.

कठोपनिषदातल्या नचिकेत्यापुढे यमाने जे मांडले, त्यातही निंद्य असे काहीच नव्हते. पुत्रपौत्र, गाई, हत्ती, घोडे, सोने, दीर्घ आयुष्य, विस्तीर्ण भूमी. गृहस्थाने देवापाशी जे मागावे तेच यम आपण होऊन देत होता. नचिकेत्याने ते नाकारले तेव्हा यमाने त्याला श्रेय आणि प्रेय यांतला भेद सांगितला. आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन जो प्रश्न विचारतो, तो तर आपणा प्रत्येकाच्या मनातला आहे : इच्छा नसतानाही, कोणी बळजबरीने ढकलावे तसा मनुष्य पापाकडे का जातो? भगवंतांनी रजोगुणातून उपजलेल्या काम-क्रोधांकडे बोट दाखवले आहे.

दासबोधाच्या चौदाव्या दशकाचा पहिला समास निःस्पृहाच्या लक्षणांचा आहे. घळीत नवमीला त्याचे वाचन होत असताना आम्ही एकदा मुद्दाम फक्त ओवीच्या शेवटाकडे कान देऊन बसलो. ‘नये’, ‘नये’, ‘नये’ असा एकच ठेका कितीतरी वेळ चालू असतो. एका जागी गुंतून राहू नये, कोणी दिले तरी द्रव्य घेऊ नये, भिक्षा फार घेऊ नये, गोडधोडाच्या मागे लागू नये, विचारले तरी आपली ओळख सांगत बसू नये. प्रथम ऐकणाऱ्याला वाटते, हा सारा निषेधच निषेध. पण नीट पाहिले तर समर्थांनी येथे पापांची यादी दिलेली नाही. गोड अन्न हे पाप नव्हे. आपले नाव सांगणे हे तर मुळीच नव्हे. महंत होऊन गावोगाव फिरणाऱ्या शिष्याच्या पायात नेमके काय अडकेल, हे ओळखून त्यांनी एकेक काटा दाखवून ठेवला आहे. यजमानांनी आग्रहाने वाढलेली पुरणपोळी, त्याच घरी आणखी चार दिवस राहण्याचा आग्रह, मग चार लोकांत होणारे नाव, मग त्या नावाला जपण्याची काळजी. एवढ्या सुखाच्या पायऱ्यांनी माणूस खाली उतरतो, आणि उतरतो आहे हे त्याला कळतही नाही.

आणि याच समर्थांनी बाराव्या दशकाच्या आरंभी गृहस्थाला काय सांगितले, तेही सोबत ठेवावयास हवे. प्रपंच टाकून परमार्थाकडे धावणाऱ्याची त्यांनी बिलकूल पाठ थोपटलेली नाही. प्रपंच नीटनेटका करावा आणि विवेकाने परमार्थही साधावा, असाच त्यांचा रोख आहे. जो स्वतः मांडवातून उठून गेला, त्याने आपल्या वाचकाला मात्र मांडवात नीट उभे राहावयास सांगितले. काही टीकाकारांना यात विसंगती दिसते. आम्हांला यात प्रामाणिकपणा दिसतो. ‘सावधान’ हा शब्द प्रत्येकाला एकच आज्ञा करीत नाही. ज्याच्या त्याच्या वाटेवर तो ज्याला त्याला जागे करतो.

आजच्या या पानावर आता आम्ही येशू ख्रिस्ताचे नाव घेणार आहोत. दासनवमीला हे कशासाठी, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. त्याचे कारण पंचांगातच आहे. माघ-फाल्गुनाच्या याच दिवसांच्या आगेमागे आपले ख्रिस्ती शेजारी त्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. आपल्याच रायगड जिल्ह्यात कोर्लईला, वर वसईला, उत्तनला, दक्षिणेस साऱ्या गोव्यात हा काळ पाळला जातो. राखेच्या बुधवारी त्याचा आरंभ होतो. मागल्या वर्षीच्या सणातल्या झावळ्या जाळून त्यांची राख करतात आणि देवळात धर्मगुरू ती भाविकांच्या कपाळी लावतात. भस्माचा अर्थ आपल्याला निराळा समजावून सांगावयास नको. हे चाळीस दिवस कशाची आठवण आहेत, तर येशूने अरण्यात उपवास करून मोहाला जिंकले त्याची. आणि ही कथा मराठीलाही परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात राहून मराठी ओव्यांत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, तेव्हा जांबचा नारायण आठ वर्षांचा होता. एकाच शतकात, एकाच ओवीछंदात, दोन दूरच्या परंपरा मराठीत बोलत होत्या.

मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत ही कथा येते. यार्देन नदीवर बाप्तिस्मा झाल्यावर येशू अरण्यात गेला. चाळीस दिवस अन्न नाही. शेवटी भूक लागली, आणि ती वेळ साधून सैतान आला. त्याने काय सांगितले? चोरी कर असे नाही, हिंसा कर असेही नाही. तू देवाचा पुत्र आहेस ना, मग या धोंड्यांच्या भाकरी कर, एवढेच. भुकेल्याने भाकरी खावी यात गैर काय? पण ज्या शक्तीचा उपयोग लोकांसाठी करावयाचा, ती पहिल्याच दिवशी स्वतःच्या पोटासाठी वापरावी, ही त्यातली मेख होती. येशूने उत्तर दिले की माणसाचे जीवन केवळ भाकरीवर टिकत नाही, देवाच्या शब्दावर टिकते. समोर पुष्कळ आले तरी थोडीच भिक्षा घ्यावी हा समर्थांचा दंडक ज्याने ऐकला आहे, त्याला हे उत्तर ओळखीचे वाटल्यावाचून राहणार नाही. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत पूर्वी भिक्षापात्र घेऊन राहणारे बौद्ध भिक्षूही याच अरण्यातले प्रवासी. त्यांच्या परंपरेत या मोह घालणाऱ्याचे नाव मार.

दुसरी परीक्षा अधिक सूक्ष्म आहे. सैतानाने त्याला यरुशलेमच्या मंदिराच्या शिखरावर उभे केले आणि म्हटले, खाली उडी टाक. देवदूत तुला झेलतील असे शास्त्रात लिहिलेलेच आहे. येथे मोह पोथी हातात घेऊन आला आहे, ही गोष्ट आम्हांला या साऱ्या कथेत सर्वांत भयंकर वाटते. शास्त्रवचन खरे, संदर्भही खरा, फक्त हेतू खोटा. समर्थांनी दुसऱ्या दशकाच्या अखेरीस पढतमूर्खाची लक्षणे सांगताना हेच दुखणे पकडले आहे. साध्या मूर्खाला शहाणे करता येते. पण ज्याला आपल्या प्रत्येक वागण्यासाठी वचन सापडते, त्याला कोण जागे करणार?

तिसऱ्या वेळी सैतानाने उंच डोंगरावरून जगातली सारी राज्ये त्याला दाखवली आणि एका नमस्काराच्या मोबदल्यात ती देऊ केली. (लूकने हा क्रम थोडा निराळा दिला आहे, कथेचा गाभा तोच.) येशूने नमस्कार एका देवालाच, एवढे सांगून त्याला दूर केले. आपल्याकडे शिवछत्रपतींनी समर्थांच्या झोळीत राज्याचे दानपत्र टाकले अशी कथा सांगतात. समर्थांनी ते घेतले नाही. राज्य रामाचे, तुम्ही त्याचे कारभारी म्हणून ते चालवा, असे सांगून परत केले. या दोन कथांत एक मोठा फरक आहे, तो डोळ्यांआड करणे बरे नव्हे. येशूपुढे राज्य ठेवणारा कपटी होता. समर्थांपुढे राज्य ठेवणारा शिष्य निर्मळ श्रद्धेचा होता. आमच्या मते श्रद्धेने दिलेले परत करणे अधिक कठीण. कपट्याला नाही म्हणताना मान ताठ राहते. प्रेमाने दिलेले नाकारताना ती खाली जाते.

कथेच्या अखेरीस लूक एक लहानशी गोष्ट नोंदवून जातो, तिच्याकडे आपले लक्ष जावयास हवे. सैतान निघून गेला, पण पुन्हा योग्य संधी येईपर्यंतच. म्हणजे मोह एकदा जिंकला आणि संपले, असे देवाच्या पुत्राच्याही बाबतीत घडले नाही. समर्थांची करुणाष्टके वाचणाऱ्याला हे नवे वाटणार नाही. ज्याने बारा वर्षे पाण्यात उभे राहून तप केले, तोच तेथे मन आवरत नाही म्हणून रामापुढे रडतो आहे. ख्रिस्ती माणूस रोजच्या प्रार्थनेत मोहापासून राखण्याची याचना करतो ती एकदाची नव्हे, रोजची. आपल्या घरांत दिवेलागणीला मनाचे श्लोक म्हणावयाचे तेही रोजच. त्या २०५ श्लोकांत समर्थ मनाला सज्जन म्हणून हाक मारतात, त्याला झोडपून काढीत नाहीत, हे किती जणांच्या ध्यानात येते? वाट चुकलेल्या भल्या माणसाला हाताला धरून परत आणावे, तसा तो सूर आहे.

आणखी एक गोष्ट. येशूने तिन्ही वेळा लांबलचक वाद घातला नाही. पाठ असलेले एकेक धर्मवचन उच्चारले आणि तो गप्प बसला. मोहाशी वाद घालू नये, हे या कथेतले सर्वांत व्यवहारी शहाणपण आहे, आणि ते न पाळल्याने काय होते याचा अनुभव आम्ही घेतला आहे. काही वर्षांपूर्वी नवमीला घळीत जाताना आम्ही घरून निघतानाच नैवेद्य होईपर्यंत मौन पाळण्याचा संकल्प केला होता. गाडीत एका गृहस्थांनी आमच्या जागेवर आपली पिशवी ठेवून दिली. आम्ही उभे राहिलो. मग मनात विचार आला की यांना समजावून सांगणे हे त्यांच्याच हिताचे. मग आठवले की सत्य बोलणे हे मौनापेक्षा श्रेष्ठ. मग वाटले की शेजारी उभ्या असलेल्या म्हातारबाबांना तरी जागा मिळावी. दहा मिनिटांत मौन सोडण्याची तीन उत्तम कारणे आम्हांला सुचली आणि बिरवाडी येण्यापूर्वीच आम्ही तोंड उघडले. जे बोललो ते म्हातारबाबांविषयी नव्हतेच. ते बिचारे पुढच्याच थांब्यावर उतरून गेले. वाचकांनी हसून क्षमा करावी. तीनही कारणे चांगली होती, हेच सांगावयाचे आहे.

असो. त्याच दिवशी घळीत कीर्तन झाले. बुवा रसाळ होते; बोहल्यावरचा प्रसंग त्यांनी असा रंगवला की अंतरपाट डोळ्यांपुढे उभा राहिला. कीर्तन संपून आरतीची तयारी चालली असता पुढे बसलेल्या एक वृद्ध आजी उठल्या, बुवांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, “बुवा, समर्थ गेले ते जगाच्या कल्याणासाठी गेले, ते बरंच झालं. पण अंतरपाटाच्या पलीकडं उभी होती ती पोर. तिचं पुढं काय झालं, ते तुम्ही सांगितलं नाहीत.”

बुवा क्षणभर थबकले. मग म्हणाले, “आजी, खरं सांगू? मला पाठ आहे त्यात ते नाही.”

आजींनी मान हलवली आणि त्या जागेवर जाऊन बसल्या. त्यांच्या बोलण्यात समर्थांविषयी अनादराचा लवलेश नव्हता. पण तेव्हापासून तो प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही. जो मोह जिंकतो त्याची कथा आपण गातो. त्याच्या जिंकण्याची किंमत ज्याने मोजली, त्याची कथा कोण सांगते? तानाजींच्या कथेत लोकपरंपरेने या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवले आहे. गड आला पण सिंह गेला, तेव्हा महाराज स्वतः उमरठला आले आणि रायबाचे लग्न त्यांनी उभे राहून लावले, असे सांगतात. ज्या कार्यासाठी बाप गेला, त्या कार्याच्या धन्याने बापाची जागा भरून काढली. त्या अर्धवट राहिलेल्या मांडवाला कोणीतरी वाली मिळाला. जांबच्या कथेतला मांडव मात्र तसाच उभा आहे.

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला एका अगदी वेगळ्या घरात सापडले. पोलादपूरच्या दक्षिणेला कशेडीचा घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ मध्ये जन्मलेले नारायण वामन टिळक पुढे ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्मांतराच्या बऱ्यावाईटाची चर्चा हा येथे आमचा विषय नव्हे. आमचे लक्ष आहे ते मोहाविषयी या माणसाच्या असलेल्या कठोरपणाकडे. घरात जे येईल ते दुसऱ्याला देऊन मोकळे होणे हा त्यांचा स्वभाव होता. मिशनच्या पगाराचाही त्यांना एक प्रकारचा पाश वाटू लागला, आणि १९१७ मध्ये ते काम व तो पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ आरंभिला. स्वतःला ख्रिस्ताचा अनुयायी म्हणवताना आपल्या मातीतल्या संन्याशाची वृत्ती त्यांनी सोडली नाही, किंबहुना तीच अधिक बळकट केली. १९१९ मध्ये ते निवर्तले.

यात थोर असे पुष्कळ आहे. परंतु टिळकांच्या घरात अंतरपाटाच्या पलीकडची बाजू मुकी राहिली नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. पतीने धर्म बदलला तेव्हा त्या दुःखाने खचल्या, काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या आणि पुढे स्वतःच्या मनाने त्यांच्याकडे परत आल्या. लिहिण्यावाचण्यात त्या पंडिता नव्हत्या. पण १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली आणि मराठी घरांनी ती डोक्यावर घेतली. निर्मोही पुरुषाच्या घरात पीठमीठ कसे जमवावे लागते, येणाऱ्याजाणाऱ्यांपुढे ताट कसे मांडावे लागते, रागही येतो आणि त्या माणसाचे मोठेपणही कसे दिसत राहते, हे त्यांनी इतक्या सरळपणाने आणि इतक्या विनोदाने सांगितले आहे की वाचताना हसू आणि आसू एकाच वेळी येतात. कोठेही तक्रारीचा कडवट सूर नाही, आणि कोठेही खोटी सोशिकताही नाही. टिळकांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले होते. ते पुढे नेऊन पूर्ण केले ते लक्ष्मीबाईंनीच.

घळीतल्या आजींनी विचारलेल्या प्रश्नाला पोथीत उत्तर नव्हते. येथे एका स्त्रीने आपल्या हाताने ते लिहून ठेवले आहे. आम्ही आता दासनवमीला चौदाव्या दशकाचे वाचन ऐकतो तेव्हा ‘नये’चा तो ठेका पूर्वीसारखाच मनाला भिडतो, परंतु त्याच्या जोडीने घरातल्या माणसांचे चेहरेही दिसतात. उपवासाच्या दिवशी स्वतः काही न घेणारा गृहस्थ स्वयंपाकघरात चार वेगवेगळे फराळाचे पदार्थ करावयास लावतो, तेव्हा मोह नेमका कोणी जिंकला? पहाटे जपाला बसणाऱ्याला घरात आवाज खपत नाही म्हणून लहान मुले श्वास रोखून बसतात, तेव्हा ते तप कोणाच्या नावावर जमा होते? हे प्रश्न आम्ही इतरांना विचारीत नाही. आमच्या घरी ते विचारले गेले आहेत, आणि त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. बाराव्या दशकात समर्थांनी गृहस्थाला प्रपंच नेटका करावयास का सांगितले असेल, याचा अर्थ तेव्हा थोडा उमगला.

त्या नवमीला आरतीनंतर प्रसादाचा शिरा वाटला गेला. तुपाचा, वेलदोड्याचा वास साऱ्या घळीत भरून राहिला होता. आजींना द्रोण मिळाला तेव्हा त्यांनी तो कपाळाला लावला, एक कण जिभेवर ठेवला आणि उरलेला प्रसाद केळीच्या पानाच्या तुकड्यात नीट बांधून पिशवीत ठेवला. आम्ही सहज विचारले, “आजी, खात नाही? ऊन आहे तोवर घ्या.” त्या म्हणाल्या, “सूनबाई घरी राहिली, गाईचं वासरू लहान आहे म्हणून. दरसाल मी येते आणि ती राहते. पुढल्या वर्षी तिला धाडणार आहे, वासरू मी बघीन.” मग त्या पायऱ्या उतरू लागल्या. खाली महाडला परतणारी एस.टी. लागलेली होती आणि कंडक्टर उमरठच्या यात्रेला जाणारे कोणी पोलादपूरपर्यंत पुढे जायचे आहे का, असे विचारीत होता.